पुढच्या गाडीची दोन मिनिटं

म्हापशाच्या स्टँडवरून पणजीला जाणारी खासगी बस सुटण्याआधी एक नाच करते. इंजिन चालू असतं, ड्रायव्हर जागेवर असतो, कंडक्टर दारात लोंबकळत पत्र्यावर थापा मारत असतो. 'पणजी, पणजी, पणजी' या हाकेत तो श्वास कुठे घेतो ते कळत नाही. ड्रायव्हर क्लच सोडतो, गाडी हातभर पुढे सरकते. गाडी निघाली असं वाटून स्टँडवर रेंगाळणारी चार माणसं धावत येतात नि चढतात. मग गाडी पुन्हा हातभर मागे. आत बसलेला माणूस घड्याळाकडे बघतो, बाहेरचा गाडीकडे बघतो, आणि दोघंही फसतात. काही वर्षांपूर्वी एका दुपारी मी हे पुढे-मागे मोजायला घेतलं होतं. अकराव्या खेपेला कंटाळून सोडून दिलं.

अखेर गाडी सुटते, पण तिला पळण्याची घाई नसते. गिरीपर्यंत ती लग्नाच्या वरातीसारखी चालते. लांबून कुणी गल्लीतून येताना दिसला तरी थांबते. कंडक्टर खाली उतरून त्याच्या पिशव्या घेतो. आणि मग एका वळणावर ड्रायव्हरची नजर आरशात जाते. मागून त्याच रस्त्याची दुसरी बस येताना दिसते. तिथून पुढे हीच गाडी, हाच ड्रायव्हर, हाच रस्ता, पण स्वभाव पार वेगळा. पर्वरीचा चढ, तीन बिल्डिंगचा थांबा, मांडवीचा पूल, सगळं एका दमात. 'फाटीं वचात, फाटीं वचात' करत कंडक्टर माणसं मागे रेटतो. मघाशी पिशवी उचलून घेणारा तोच माणूस आता म्हातारीचा दुसरा पाय पायरीवर पडायच्या आत घंटी मारतो.

तेरा-चौदा किलोमीटरांत एकाच गाडीला हे दोन स्वभाव का येतात? ड्रायव्हर उर्मट आहे, कंडक्टर लोभी आहे, सरकार झोपलं आहे, अशी उत्तरं बसमध्ये उभ्या माणसाला लगेच सुचतात. मलाही सुचायची. पण हेच दृश्य कोलकात्यात दिसतं, नैरोबीत दिसतं, दक्षिण अमेरिकेत दिसतं. इतक्या ठिकाणचे इतके ड्रायव्हर एकाच पद्धतीने वागत असतील, तर कारण स्वभावात शोधू नये, हिशोबात शोधावं.

हिशोब असा. एकाच मार्गावरच्या दोन मालकांच्या बसमध्ये प्रवाशाला फरक वाटत नाही. भाडं सरकारने ठरवलेलं, दोघांचं सारखंच. बाकडी सारखीच, गाणीही जवळपास तीच. दुकानात माणूस दोन साबण हातात घेऊन बघतो, थांब्यावर दोन बस समोर ठेवून कुणी बघत नाही. जी आधी येते तिच्यात तो चढतो. त्यामुळे बसमालकाला स्वस्त व्हायची सोय नाही आणि चांगलं व्हायचं कारण नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे आधी येणं.

आधी म्हणजे किती? थांब्यावरची माणसं नळाखालच्या हंड्यासारखी जमतात, थेंब थेंब. मिनिटाला एक माणूस येतो असं धरू. आधीची बस जाऊन दहा मिनिटं झाली असतील तर दहा माणसं उभी असतात. हा हंडा जो पहिला उचलतो, त्याला दहाही मिळतात. त्याच्यामागून दोन मिनिटांनी आलेल्याला तळाशी दोन. मागच्याने डिझेल तेवढंच जाळलेलं असतं, टायर तेवढेच झिजलेले असतात. म्हणून शहाणा ड्रायव्हर दोन गोष्टी करतो. पुढची गाडी नुकतीच गेली असेल तर तो रेंगाळतो, म्हणजे हंडा भरायला वेळ मिळतो. मागची गाडी दिसली की पळतो, म्हणजे भरलेला हंडा दुसऱ्याच्या हाती जात नाही. गिरीपर्यंतची वरात आणि पर्वरीची शर्यत ही एकाच हिशोबाची दोन टोकं आहेत. तिकिटावर प्रवासाचे पैसे छापलेले असले, तरी मालक खरा विकतो तो पुढच्या गाडीनंतर साठलेला वेळ.

इथे एक गोष्ट स्पर्धेच्या खात्यावर टाकून चालणार नाही. बसचा थवा होतो तो स्पर्धा नसली तरी होतो. नेवेल आणि पॉट्स या दोन संशोधकांनी १९६४ साली हे गणिताने दाखवलं. एखादी बस सिग्नलला जरा अडकते. तिला उशीर होतो, म्हणून पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमतात. ती चढायला वेळ लागतो, उशीर आणखी वाढतो. तिच्यामागच्या बसला उलट रिकामे थांबे मिळतात, ती भराभर पुढे येते आणि शेवटी पहिलीच्या शेपटाला लागते. अर्धा तास वाट बघावी आणि तीन एकदम याव्यात, हा अनुभव सरकारी बसच्या शहरातही येतो तो यामुळे. त्यात कुणाचं कारस्थान नसतं.

पण थव्याची किंमत कोण मोजतं तेही पाहू. तासाला चार बस बरोबर पंधरा-पंधरा मिनिटांनी आल्या, तर कधीही थांब्यावर आलेला माणूस सरासरी साडेसात मिनिटं थांबतो. त्याच चार बस जोडीने आल्या, दोन मिनिटांच्या अंतराने दोन, मग अठ्ठावीस मिनिटं काही नाही, मग पुन्हा दोन, तर सरासरी तेरा मिनिटांवर जाते. बस चारच, ड्रायव्हर चारच, डिझेल तेवढंच. वाया गेलेली साडेपाच मिनिटं कुठल्याही मालकाच्या वहीत खर्च म्हणून लिहिली जात नाहीत, कारण ती थांब्यावरच्या माणसाची असतात.

*

या हिशोबाचा सर्वांत देखणा धंदा चिलीच्या सांतियागो शहरात उभा राहिला. तिथे पूर्वी पिवळ्या रंगाच्या हजारो बस धावत. बहुतेक ड्रायव्हरांना दर तिकिटामागे पैसे मिळत. कंडक्टर नव्हता. ड्रायव्हर एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने मोड परत करी. प्रवाशांसाठी चालणाऱ्या या झटापटीला तिथे नावच पडलं होतं 'तिकिटाची लढाई'.

या लढाईत थांब्यांवर एक तिसरा माणूस उभा राहू लागला. हातात वही, पेन आणि घड्याळ. तो ना बसचा, ना प्रवासी. समोरून जाणाऱ्या प्रत्येक बसची वेळ तो लिहून ठेवी. पुढची बस आली की ड्रायव्हर खिडकीतून बघे आणि हा सांगे, तुझ्या पुढची चार मिनिटांपूर्वी गेली. त्या एका वाक्यासाठी ड्रायव्हर त्याच्या हातावर एखादं नाणं ठेवी. चार ऐकून ड्रायव्हर जरा संथ होई, अकरा ऐकून पाय दाबी. या माणसांना लोक 'सापो' म्हणत. स्पॅनिशमध्ये सापो म्हणजे बेडूक. तिकडच्या बोलीत चुगलखोरालाही सापोच म्हणतात.

उपग्रह नाही, संगणक नाही, वाहतूक नियंत्रण कक्ष नाही. एका वहीवर आणि दोन-चार नाण्यांवर बसमधली अंतरं राखणारी यंत्रणा रस्त्यावर आपोआप उगवली. मला ती फार आवडते, आणि तिच्याबद्दलचा अभ्यास त्याहून. रायन जॉन्सन, डेव्हिड रायली आणि ह्वान कार्लोस मुन्योस या तिघांनी सांतियागोतल्या दोन प्रकारच्या बसची तुलना केली. काही मार्गांवर ड्रायव्हरांना तिकिटामागे पैसे, काही मार्गांवर ठरलेला पगार. शहर तेच, रस्ते साधारण तसेच. माझी अपेक्षा होती की पगारी ड्रायव्हरांच्या बस नीट अंतराने चालत असतील आणि तिकिटामागे धावणाऱ्यांच्या थव्याने. निघालं उलटं. पगारी ड्रायव्हरांच्या बसच जास्त थव्याने येत होत्या, आणि त्यांच्या प्रवाशांना सुमारे १० टक्के जास्त वेळ थांबावं लागत होतं.

जरा विचार केला की पटतं. पगारी ड्रायव्हरला पुढची बस चिकटली काय आणि लांब गेली काय, महिन्याच्या शेवटी तेवढेच मिळणार. पुढचीच्या मागे निवांत राहिलं तर उलट बरं, माणसं तीच उचलते, आपण रिकामे. तिकिटामागे पैसे मिळणाऱ्याला मात्र अंतर राखणं पोटाचा प्रश्न. तो सापोला पैसे देऊन अंतर विकत घेतो. नेवेल-पॉट्सच्या गणिताने जे बिघडतं ते लोभाने थोडंफार सावरतं.

आता त्याच अभ्यासातला दुसरा आकडा. तिकिटामागे पैसे घेणाऱ्यांच्या बसचे अपघात दर किलोमीटरमागे सुमारे ६७ टक्क्यांनी जास्त होते. थांब्यावरच्या माणसाला मिळालेली मिनिटं रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या अंगावरून आली होती. आणि हे दोघे बहुतेक वेळा एकमेकांना ओळखतही नाहीत.

१० फेब्रुवारी २००७ रोजी सांतियागोने ही लढाई एका दिवसात बंद केली. ट्रान्सांतियागो नावाची नवी व्यवस्था आली. नवे मार्ग, कार्डावर भाडं, पगारी ड्रायव्हर. ते दिवस शहर अजून विसरलेलं नाही. कंपन्यांच्या उत्पन्नाची हमी आधीच दिलेली असल्यामुळे जास्त बस काढायचं कारणच उरलं नव्हतं. थांब्यांवर रांगा वाढल्या, मेट्रोत श्वास घ्यायला जागा राहिली नाही. सापोंचा धंदा तर गेलाच. शिकलेल्या लोकांनी कागदावर आखलेली व्यवस्था वहीवाल्या बेडकांपुढे इतकी लंगडी पडावी, याचं मला थोडं हसू येतं. अर्थात बसखाली येऊन ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना ते येणार नाही.

आपल्याकडे अपघातांच्या त्या दुसऱ्या आकड्याची ओळख जास्त. कोलकात्याच्या खासगी बसमध्ये ड्रायव्हर-कंडक्टरला तिकीटविक्रीतला ठरावीक टक्का मिळत आला आहे. दोन बस एकमेकींना घासत पळतात त्याला तिथले लोक 'रेषारेषी' म्हणतात. कानाला इंग्रजी रेससारखा लागणारा हा बंगाली शब्द, अर्थ चढाओढ. दर थोड्या दिवसांनी तो वर्तमानपत्रात अपघाताच्या बातमीत येतो. दिल्लीत १९९२ साली खासगी बसना वाट मोकळी केली, त्या रेडलाइन म्हणून ओळखल्या गेल्या. इतके लोक चिरडले गेले की लाल रंग बदनाम झाला. मग बस निळ्या रंगवल्या आणि नाव ब्लूलाइन केलं. हिशोब तोच ठेवला, त्यामुळे बातम्याही त्याच राहिल्या. रंग बदलून ड्रायव्हर बदलतो असं कुणाला वाटलं असेल, हे मला आजवर उमगलेलं नाही. त्या बस अखेर रस्त्यावरून काढल्या, आणि नंतर आलेल्या क्लस्टर योजनेत ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे, तिकिटाची रक्कम सरकारजमा, असं ठरलं. त्याने शर्यत संपते. मात्र किलोमीटरवर पैसे मिळणाऱ्याला थांब्यावर हात करणारा माणूस म्हणजे नुसता उशीर. शर्यत लावणारी बस तुम्हाला ओढून घेते, किलोमीटरवाली तुम्हाला टाळून जाऊ शकते. प्रवाशाने कुठल्या गोष्टीची तक्रार करायची ते ड्रायव्हरचा पगार कसा ठरतो यावर ठरतं.

*

रस्त्यावर न धावताही ही शर्यत खेळता येते. इंग्लंडने ती कागदावर खेळून दाखवली.

२६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडन सोडून ब्रिटनभर बसधंदा खुला झाला. मार्गाचा परवाना मागायची गरज उरली नाही. ४२ दिवस आधी नोंदणी करायची आणि वाटेल त्या मार्गावर, वाटेल त्या वेळेला बस चालवायची. कल्पना अशी की स्पर्धा होईल, भाडी उतरतील, प्रवासी वाढतील.

आता समजा एका कंपनीची बस पाचला आणि पाच-वीसला सुटते. दुसरीने आपली कधी सोडावी? प्रवाशाच्या सोयीचं उत्तर पाच-दहा. धंद्याचं उत्तर चार-अठ्ठावन्न. दोन मिनिटं आधी जाऊन पहिलीसाठी जमलेली सगळी माणसं उचलता येतात. मग पहिली ४२ दिवसांनी आपली वेळ चार-छप्पन्न करते. हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९२९ साली हेच दुकानांबद्दल लिहिलं होतं. एका लांब रस्त्यावर दोन दुकानं असतील तर गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी ती दूर दूर हवीत, पण एकमेकांचं गिऱ्हाईक खेचण्याच्या नादात ती शेजारीशेजारी येऊन बसतात. आपल्याकडे चहाच्या दोन टपऱ्या भिंतीला भिंत लावून का असतात, ते यावरून कळावं. रस्त्याच्या जागी घड्याळ ठेवा, की बसचं वेळापत्रक तयार. दोन कंपन्या, दुप्पट बस, आणि मधली अठरा मिनिटं पूर्वीइतकीच रिकामी.

झालंही तसंच. बस जास्त किलोमीटर धावू लागल्या आणि प्रवासी कमी होत गेले. वेळापत्रक दर काही आठवड्यांनी बदलतंय, एका कंपनीचं परतीचं तिकीट दुसरीच्या बसमध्ये चालत नाही, अशा वेळी माणूस मोटार घेतो.

डार्लिंग्टन या ईशान्य इंग्लंडमधल्या गावात तर शेवटचा अंक झाला. तिथल्या नगरपालिकेने १९९४ साली आपली बस कंपनी विकायला काढली. स्टेजकोच या मोठ्या समूहाच्या बसवेज कंपनीने बोली लावली, ती मान्य झाली नाही. मग बसवेजने पालिकेच्या मार्गांवर स्वतःच्या बस आणल्या. भाडं किती? शून्य. लोकांनी फुकट प्रवास केला, कोण नाही करणार! पालिकेच्या ड्रायव्हरांना हजार पौंडांचं आमिष दाखवून आपल्याकडे ओढलं. पालिकेची कंपनी घ्यायला निघालेल्या दुसऱ्या खरेदीदाराने हात मागे घेतला आणि १९९४ च्या नोव्हेंबरात कंपनी बंद पडली. पुढच्या वर्षी मक्तेदारीची चौकशी करणाऱ्या आयोगाने हे वर्तन निंदनीय आणि लोकहिताच्या विरुद्ध ठरवलं. तोवर ज्याला न्याय द्यायचा तो पक्षच शिल्लक नव्हता.

याउलट ऑक्सफर्ड. तिथेही दोन कंपन्या त्याच रस्त्यांवर वर्षानुवर्षं भांडत होत्या. २०११ साली त्यांनी वेळा वाटून घेतल्या, एकाआड एक बस सोडायला लागल्या आणि एकीचं तिकीट दुसरीत चालू लागलं. बस कमी झाल्या तरी थांब्यावर उभं राहण्याचा वेळ वाढला नाही. यातली गंमत अशी की दोन प्रतिस्पर्धी एकत्र बसून वेळा ठरवतात, याला एरवी संगनमत म्हणतात आणि स्पर्धेचा कायदा त्याकडे वाकड्या नजरेने बघतो. ते करण्यासाठी खास तरतुदीची वाट काढावी लागली. मँचेस्टरने तर २०२३ ते २०२५ या काळात सगळ्या बसचं नियोजनच पुन्हा सार्वजनिक ताब्यात घेतलं. १९८६ ला सुरू झालेलं चक्र तिथे पूर्ण फिरलं.

*

आपल्याकडच्या आजोबांच्या पिढीला यातलं काहीच नवं वाटलं नसतं. एसटी येण्याआधी महाराष्ट्रात 'सर्व्हिस मोटार' होती. पाच-दहा गाड्यांचे मालक, पुष्कळदा एका गाडीचा एकच मालक, ठरलेलं वेळापत्रक असं काही नाही, गाडी भरली की निघणार. या गाड्यांनी रेल्वेचे प्रवासी इतके पळवले की सरकारला १९३३ साली मिचेल आणि कर्कनेस यांचा अहवाल करून घ्यावा लागला, आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मार्गाचा परवाना ही चीज पक्की केली. एखाद्या रस्त्यावर आधीच पुरेशी सोय असेल तर नवा परवाना नाकारता येऊ लागला. कायद्याच्या मराठीत अशा बससेवेला टप्पा वाहतूक म्हणतात. वाटेत थांबत, माणसं घेत-सोडत जाणारी ती टप्पा वाहतूक.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. त्या दिवसाच्या आठवणींत एक तपशील येतो. पुण्याजवळ खासगी वाहतूकवाल्यांकडून हल्ला होईल या भीतीने ती गाडी पोलीस बंदोबस्तात आणावी लागली. लाल गाडी मराठी माणसाच्या मनात जिव्हाळ्याची झाली ती नंतर. सुरुवातीला ती कुणाचा तरी हंडा उचलायलाच आली होती.

पुढे सर्व्हिस मोटारी गेल्या तरी स्पर्धा गेली नाही, जीपमध्ये बसून परत आली. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे तिला 'वडाप' म्हणतात. वडापमध्ये प्रवासी हा प्रवासी नसतो, 'शीट' असतो. 'दोन शीट कमी हायत, आली की निघालीच गाडी' हे वाक्य ऐकून ज्याने अर्धा तास काढला नाही त्याने तो मुलूख पाहिलाच नाही म्हणायचं. एक शीट ड्रायव्हरच्याही उजव्या अंगाला बसतं आणि ड्रायव्हर स्वतः तिरका होऊन एका मांडीवर गाडी हाकतो. आधीपासून आत बसलेल्यांपैकी दोघे-तिघे गाडीवाल्याचेच दोस्त असतात. रिकाम्या गाडीत कुणी बसत नाही, म्हणून त्यांना बुजगावण्यासारखं बसवायचं आणि खरी शीटं आली की उतरवायचं. आफ्रिकेतल्या घानामध्ये याच कामासाठी माणसं पैसे देऊन बसवतात असं मी वाचलं, तेव्हा कराडच्या नाक्याची आठवण झाली.

वडापवाले नंबर लावतात. नाक्यावर रांग असते, पहिल्या नंबरची गाडी भरल्याशिवाय दुसरीने शीट घ्यायचं नाही. नियम मोडला तर कॉलर धरतात. म्हणजे ऑक्सफर्डने २०११ साली कायद्याच्या खास सवलतीने जे केलं, ते आमच्याकडे झाडाखाली दोन बाकड्यांवर ठरतं. नंबरपद्धतीत शर्यत नाही, धडक नाही. पण तिची किंमत गाडीत आधी बसलेला माणूस घामाने मोजतो. रस्त्यावरची स्पर्धा गाडी पळवते, नाक्यावरची रांग गाडी बसवून ठेवते.

एसटीच्या बाजूने नियम आहे की स्थानकापासून २०० मीटरांच्या आत खासगी गाड्यांनी प्रवासी घेऊ नयेत. प्रत्येक तालुक्याच्या गावात ही २०० मीटरांची रेषा कुठे संपते ते वडापवाल्यांना सरकारी मोजणीदारापेक्षा नेमकं ठाऊक असतं, आणि गाडी बरोबर तिच्या अलीकडे-पलीकडे उभी असते. २०२१ च्या नोव्हेंबरात एसटीचा संप लांबला, तेव्हा सरकारनेच अधिसूचना काढून खासगी गाड्यांना प्रवासी वाहतुकीची मुभा दिली. ज्यांना काल पोलीस हुसकत होता, तेच स्थानकाच्या फलाटावर गाडी लावून शीट बोलावत होते.

*

पुन्हा म्हापसा. गोवा सरकारचं कदंब बस महामंडळ १९८० चं. त्याआधी गोव्याचा सगळा बसप्रवास खासगी मालकांच्या हातात होता आणि आजही बराचसा आहे. वेळा ठरलेल्या असतात. स्टँडवर नजर ठेवायला टाइमकीपर असतो. दुसऱ्याच्या वेळेत दोन मिनिटं घुसलेल्या गाडीवरून जी बाचाबाची होते तिच्यात पूर्वजांचा उद्धार ठरलेला. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, दोन मिनिटांसाठी एवढं? आपण मघाशी पाहिलं, त्या दोन मिनिटांत काय काय भरलेलं असतं ते.

या सगळ्या खेळातून कदंबची शटल बाजूला राहते, आणि तेही किती साध्या युक्तीने! खिडकीवर तिकीट काढायचं, रांगेने चढायचं, बस भरली की थेट पणजी. वाटेत थांबायचंच नाही. त्यामुळे आरशात मागची गाडी दिसली काय नि नाही काय, ड्रायव्हरला फरक पडत नाही. त्याची सगळी माणसं आधीच आत बसलेली आहेत, रस्त्यावर त्याला उचलायचं काही नाही. तो एका लयीत चालवतो. मी शटलने जायला लागलो तेव्हापासून पुलावर खिडकीबाहेर बघायला शिकलो, एरवी समोरच्या दांडीला दोन्ही हात लागायचे.

मध्यंतरी एकदा पर्वरीला काम होतं, म्हणून परत खासगी बस धरली. तोच नाच, तीच वरात. एका आडरस्त्याच्या तोंडाशी, जिथे थांब्याची पाटीसुद्धा नाही, माशांची पाटी घेतलेली एक बाई हात करून उभी होती. मागची गाडी अजून दिसत नव्हती. आमची थांबली. कंडक्टरने उतरून पाटी दोन्ही हातांनी उचलली, पाणी आपल्या पँटवर सांडू दिलं, ड्रायव्हरच्या मागच्या मोकळ्या जागेत ती नीट टेकवली आणि बाईला हात देऊन वर घेतलं. शेजारून एक शटल आम्हाला ओलांडून गेली, थंडपणे, एका लयीत. बाईने तिच्याकडे पाहिलंही नाही. तिने कमरेच्या पिशवीतून सुटे पैसे काढले, कंडक्टरने ते न मोजता खिशात टाकले, आणि तेवढ्यात ड्रायव्हरने आरशात बघून गिअर बदलला.